दुसऱ्या नंबरावर अडकलेली गिटारची गाणी

सहावी तार
गिटारच्या जोरावर उभी राहिलेली, जगभर वाजलेली, आणि तरीही यादीत पहिला नंबर न मिळालेली गाणी या धाग्यात गोळा करूया. नुसती नावं टाकून जाऊ नका. त्या आठवड्यात वर कोण होतं आणि गाण्यात गिटार नेमकं काय करते, तेही लिहा.

सुरुवात क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलपासून करतो, कारण या विषयावर त्यांच्याइतका हक्क कुणाचाच नाही. कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोची चार पोरं. १९६९ आणि १९७० मध्ये त्यांच्या पाच तबकड्या बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या हॉट १०० यादीत दुसऱ्या नंबरापर्यंत चढल्या आणि पाचही तिथेच थांबल्या. त्या यादीत पहिला नंबर त्यांना कधीच मिळाला नाही.

'प्राउड मेरी' मार्च १९६९ मध्ये दुसरं आलं. वर आधी स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं 'एव्हरीडे पीपल' होतं, ते उतरलं तर टॉमी रोचं 'डिझी' येऊन बसलं. 'बॅड मून रायझिंग'ला हेन्री मॅन्सिनीच्या रोमिओ-ज्युलिएटच्या धुनेने अडवलं. मॅन्सिनीचा तो संथ पियानो आणि क्रीडन्सच्या जॉन फॉगर्टीची ती धावती गिटार एकाच आठवड्यात एकमेकांच्या डोक्यावर, हे डोळ्यांसमोर आणून बघा. 'ग्रीन रिव्हर'वर 'शुगर, शुगर' होतं. 'ट्रॅव्हलिन बँड'वर सायमन-गारफंकलचं 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर', आणि 'लुकिन आउट माय बॅक डोअर'वर डायना रॉस.

यातलं मला सगळ्यात सलतं ते 'ग्रीन रिव्हर'. एकाच ई कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडलेले सूर) ठाण मांडून वाजवलेली गिटार आहे ती. कॉर्ड बदलायची घाई नाही, सोलोचा देखावा नाही. उजव्या हाताचा ठेका आणि तारा मध्येच दाबून आवाज तोडण्याची सवय, एवढ्यावर सगळं उभं आहे. ते ज्याच्या खाली राहिलं तो आर्चीजचा बँड तर कार्टूनमधला! प्रत्यक्षात गात होता रॉन डँटे. ते गाणं नुसतं त्या आठवड्यात पहिलं नव्हतं, बिलबोर्डच्या १९६९ च्या वार्षिक यादीतही पहिलं आलं.

'प्राउड मेरी'ची सुरुवात जरा जवळून ऐका. सी-ए, सी-ए अशा दोन-दोन कॉर्डच्या धडका, मग जी आणि एफवरून उतरत गाडी डीवर येऊन थांबते. जॉन फॉगर्टीने सांगितलं आहे की ही कल्पना त्याला बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून सुचली. तो हे गाणं लेस पॉल कस्टम या इलेक्ट्रिक गिटारवर, सगळ्या तारा पूर्ण एक सूर खाली उतरवून वाजवायचा. त्यामुळे बोटं ई, डी, बीच्या ठिकाणी असतात आणि ऐकू येतात डी, सी, ए. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये कॉर्ड बरोबर लागूनही गाणं पातळ का वाटतं, त्याचं कारण हे. तारा सैल असल्या की आवाजाला जो भारदस्तपणा येतो, तो पेडलने (आवाज बदलणाऱ्या पायपेटीने) येत नाही.

एक गोष्ट इंग्लंडच्या श्रोत्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. 'बॅड मून रायझिंग' तिकडे सप्टेंबर १९६९ मध्ये तीन आठवडे पहिल्या नंबरावर होतं.

बोला आता.

काळी तबकडी
वा, छान धागा काढलात, तार दादा. इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर १९७० हे एकच साल पुरे आहे.

फ्रीचं 'ऑल राइट नाऊ' त्या उन्हाळ्यात दुसरं आलं, वर मंगो जेरीचं 'इन द समरटाइम' सात आठवडे बसून होतं. फ्रीचा गिटारवादक पॉल कॉसॉफ तेव्हा १९ वर्षांचा आणि बास गिटारवर अँडी फ्रेझर त्याच्याहूनही लहान. आता या गाण्याचं कडवं कान देऊन ऐका: त्यात बास नाहीच. गिटार, ड्रम आणि आवाज, बस्स. रिफच्या, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या धुनेच्या, दोन तुकड्यांमध्ये चक्क शांतता सोडली आहे. बास ध्रुवपदात येतो तेव्हा खालून जमीन आल्यासारखं वाटतं. एवढ्या लहान वयात न वाजवण्याची अक्कल कुठून आली असेल या मुलांना! कॉसॉफ २५ व्या वर्षी गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग ऑगस्टमध्ये किंक्सचं 'लोला'. वर एल्विस, 'द वंडर ऑफ यू' घेऊन. 'लोला'च्या शब्दांत एका प्रसिद्ध शीतपेयाचं नाव होतं आणि बीबीसीवर कुठल्याही मालाची जाहिरात चालत नसे. किंक्सचा अमेरिका दौरा चालू होता. रे डेव्हिस तो सोडून विमानाने लंडनला आला, तेवढा शब्द बदलून पुन्हा गायला आणि परत गेला.

आणि ऑक्टोबरात डीप पर्पलचं 'ब्लॅक नाइट'. वर फ्रेडा पेनचं 'बँड ऑफ गोल्ड'. 'इन रॉक' अल्बम झाला होता, पण रेडिओवर वाजेल अशी तबकडी त्यातून निघत नव्हती, म्हणून हे गाणं वेगळं केलं. त्याच महिन्यात ब्लॅक सॅबथचं 'पॅरानॉइड' चौथ्या नंबरावर होतं. तेही अल्बममध्ये जागा भरायला घाईघाईत केलेलं. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या कारखान्यात यंत्रात गेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. प्लास्टिक वितळवून त्याने स्वतःच बोटांसाठी टोप्या बनवल्या आणि वाजवत राहिला. त्या महिन्यात पर्पल आणि सॅबथ दोघेही पहिल्या चारांत होते. हेवी रॉकच्या बाजूने याहून मोठा पुरावा मला नको.

निशाचर
लेख आणि प्रतिसाद दोन्ही आवडले, पण 'अडवलं' आणि 'सलतं' या सुराला माझा विरोध आहे. वरची गाणी कोण होती ते तुम्हीच सांगितलंत. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'! त्याच्या खाली राहण्यात कसला अन्याय?

आणखी उदाहरणं देतो. बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' सप्टेंबर १९६५ मध्ये दुसरं होतं आणि वर बीटल्सचं 'हेल्प!' होतं. दोन्ही गाणी माझ्या आयुष्याचा भाग आहेत, त्यांची क्रमवारी मी लावू शकत नाही. १९८४ मध्ये स्प्रिंगस्टीनच्या 'डान्सिंग इन द डार्क'वर प्रिन्सचं 'व्हेन डव्हज क्राय' तीन आठवडे होतं. त्याची पहिली काही सेकंदं ऐका. प्रिन्सची एकटी गिटार भडकते, मगच ठेका सुरू होतो. आणि स्प्रिंगस्टीनचं ते गाणं सिंथेसायझरवर चालतं. म्हणजे त्या आठवड्यात गिटार वरच होती.

तसंच १९८१ मध्ये. फॉरेनरचं 'वेटिंग फॉर अ गर्ल लाइक यू' दहा आठवडे दुसरं राहिलं, त्यातले नऊ आठवडे ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या 'फिजिकल'खाली. 'फिजिकल' म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण त्यातला गिटार सोलो टोटो या रॉक बँडच्या स्टीव्ह ल्युकाथरचा आहे. खालचं गाणं रॉक बँडचं आणि त्यावर सिंथेसायझरची चादर. गिटारवाले सगळीकडे होते. मायकल जॅक्सनचं 'बीट इट' १९८३ मध्ये पहिलं झालं, त्यात गिटारवर एडी व्हॅन हेलन आहे. त्याच्या स्वतःच्या व्हॅन हेलन बँडचं 'जंप' पुढच्या वर्षी पहिलं झालं आणि त्याची ओळखच कीबोर्डची.

सहावी तार
निशाचर, 'व्हेन डव्हज क्राय' पटलं, शंभर टक्के. 'शुगर, शुगर'बद्दल मी ठाम आहे.

डिलनचं नाव काढलंत तर त्या गाण्यातला एक तपशील जोडतो. माइक ब्लूमफिल्ड गिटारवर होता. अल कूपर खरं तर नुसतं बघायला आला होता, मनात मात्र आपल्यालाही गिटार वाजवायला मिळेल ही आशा. ब्लूमफिल्डला हात गरम करताना ऐकलं आणि त्याने आपली गिटार मुकाट्याने पेटीत ठेवली. मग संधी साधून ऑर्गनवर जाऊन बसला. त्या गाण्याचा ऑर्गन आज जगाला पाठ आहे. सहा मिनिटांचं गाणं, कंपनीला ते रेडिओवर चालेल याची खात्री नव्हती. अशा गाण्याने दुसरा नंबर गाठावा याचा मला आनंदच आहे.

ओसरीवर
अवांतर, पण पूर्ण अवांतर नाही. क्वीनची 'किलर क्वीन', 'समबडी टू लव्ह' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' ही तिन्ही गाणी इंग्लंडमध्ये दुसऱ्या नंबरावर थांबली. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बलसारा. शाळेतल्या हेक्टिक्स या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. आणि ब्रायन मेची गिटार त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली, मान जुन्या शेकोटीच्या लाकडातून कोरलेली. वाजवतो पिकऐवजी (तारा छेडायच्या चकतीऐवजी) सहा पेन्सच्या नाण्याने. 'किलर क्वीन'च्या सोलोत एकावर एक चढवलेल्या गिटारी ऐकल्या की तीन जण घंटा वाजवत एकमेकांशी बोलत आहेत असं वाटतं.

अर्धा पेला
+१ सगळ्यांना. माझं मत 'लुई लुई'ला.

किंग्जमेन, पोर्टलंड, ओरेगॉन, एप्रिल १९६३. मूळ गाणं रिचर्ड बेरीचं, आणि त्याने त्याचे हक्क कधीच किरकोळ रकमेला विकून टाकले होते. रेकॉर्डिंगला मायक्रोफोन उंच टांगलेला, गायक जॅक एली मान वर करून ओरडतोय. त्यामुळे शब्द कुणालाच कळत नाहीत. कॉर्ड ए, डी, ई मायनर, डी, पुन्हा ए. गाणं संपेपर्यंत एवढंच. गिटार सोलो संपतो आणि एली चुकून लवकर सुरू करतो, गप्प होतो, ड्रमवाला मधली जागा भरून काढतो आणि गाणं पुढे जातं. ती चूक तशीच ठेवली. आज ते गाणं वाजवणारे कितीतरी बँड ती चूकही वाजवतात.

हे हॉट १०० मध्ये सहा आठवडे दुसरं होतं. वर कोण? आधी 'दॉमिनिक', म्हणजे बेल्जियमच्या एका जोगिणीने गिटारवर गायलेलं भक्तिगीत. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली होती, देश शोकात होता, आणि डिसेंबरभर लोकांना ते शांत गाणं हवं होतं. मला यात काही गैर वाटत नाही. नंतर बॉबी व्हिंटन आला. तिकडे कॅशबॉक्स या दुसऱ्या अमेरिकन नियतकालिकाच्या यादीत मात्र 'लुई लुई' पहिलं झालं. न कळणाऱ्या शब्दांत काहीतरी अश्लील आहे या तक्रारींवरून एफबीआयने चौकशी केली, तबकडी वेगवेगळ्या वेगांवर फिरवून ऐकली, आणि शब्द कळत नाहीत असाच निष्कर्ष काढला.

पुढच्या गॅरेज रॉकचा, पंकचा सगळा आत्मविश्वास मला या तबकडीत दिसतो. तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, बाकी पुढे बघू.

काळी तबकडी
पंक म्हणालात म्हणून. जून १९७७, राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव. सेक्स पिस्तल्सचं 'गॉड सेव्ह द क्वीन' दुसऱ्या नंबरावर. वर रॉड स्टुअर्ट. बीबीसीने गाण्यावर बंदी घातलेली, काही दुकानांनी तबकडी विकायला नकार दिलेला. काही ठिकाणी लावलेल्या यादीत तर दुसऱ्या नंबराची ओळ कोरी ठेवली होती. एनएमई या संगीत-साप्ताहिकाच्या यादीत हेच गाणं पहिलं होतं. अधिकृत यादीत त्याला मुद्दाम खाली ठेवलं असा आरोप तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

बंदीच्या गोष्टीत गाणं हरवतं, ते होऊ नये. स्टीव्ह जोन्सची गिटार ऐका. निर्माता ख्रिस टॉमसने तिचे थरावर थर चढवून घेतले आहेत. यांना वाजवता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी तो आवाज एकदा काढून दाखवावा.

पडवीतला रेडिओ
मला एक शंका आहे. बिनाका गीतमालेत कुठलं गाणं कितव्या पायदानावर यावरून आमच्या घरी वाद व्हायचे, पण ते ठरतं कसं हे कुणालाच नीट माहीत नसायचं. हे बिलबोर्डवाले मोजायचे कसे?

निशाचर
छान विचारलंत काका. हॉट १०० ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाली. विक्री आणि रेडिओवरचं वादन दोन्ही धरायचे. पण दुकानदार प्रत्यक्ष आकडे देत नसत. काय जास्त खपतंय याची क्रमवार यादी कळवायचे, रेडिओ केंद्रंही तसंच. माणसांनी सांगितलेलं, त्यात आवडनिवड आणि कंपन्यांचा आग्रह दोन्ही मिसळायचे. दुकानात बारकोड वाचून खरी विक्री मोजायला हॉट १०० मध्ये १९९१ च्या नोव्हेंबरअखेर सुरुवात झाली. म्हणजे क्रीडन्सच्या पाचही तबकड्या सांगोवांगीच्या काळातल्या. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात खरा फरक किती होता हे त्या पद्धतीत कळणं शक्यच नव्हतं.

इंग्लंडमध्ये तर १९६९ पर्यंत तीन-चार वेगवेगळ्या याद्या होत्या. बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' एनएमई आणि मेलडी मेकरमध्ये पहिलं, रेकॉर्ड रिटेलरमध्ये दुसरं. पुढे इतिहास लिहिताना रेकॉर्ड रिटेलर प्रमाण धरलं, म्हणून ते गाणं कायमचं दुसरं झालं.

ड्रॉप डी
यात नव्वदच्या दशकाची भानगडही जोडा, कारण आमच्या पिढीचं खरं दुखणं ते आहे. डिसेंबर १९९८ पर्यंत नियम असा होता की सिंगल (एका गाण्याची वेगळी तबकडी) म्हणून दुकानात विकायला नसेल तर गाणं हॉट १०० मध्ये येणारच नाही. कंपन्यांना तर पूर्ण सीडी खपवायची होती, म्हणून त्या सिंगल काढतच नसत. गू गू डॉल्सचं 'आयरिस' रेडिओच्या यादीत १८ आठवडे पहिलं होतं आणि त्या सगळ्या काळात हॉट १०० मध्ये त्याचं नावही नव्हतं! नियम बदलला तोवर लाट ओसरली होती, नवव्या नंबरापर्यंत गेलं. गिटारवाल्यांसाठी: त्याचं ट्यूनिंग बी-डी-डी-डी-डी-डी आहे. पाच तारा एकाच स्वराच्या. घरी करून बघा, पण जाड-बारीक तारांचा हिशेब आधी करा, नाहीतर तुटतील.

पर्ल जॅमनेही सिंगल्स जवळजवळ सोडूनच दिल्या होत्या. १९९९ मध्ये 'लास्ट किस' हे जुनं गाणं त्यांनी काढलं आणि ते दुसऱ्या नंबरावर गेलं. त्यांच्या स्वतःच्या रिफ्सना जे मिळालं नाही ते एका साध्या जुन्या गाण्याला मिळालं.

आणि ओअॅसिसचं 'वंडरवॉल'. नोव्हेंबर १९९५, इंग्लंडमध्ये दुसरं, वर रॉब्सन आणि जेरोम हे दोन टीव्ही नट. महिन्या-दीड महिन्यात माइक फ्लॉवर्स पॉप्सने त्याच गाण्याची जुन्या ढंगाची आवृत्ती काढली, तीही दुसऱ्याच नंबरावर थांबली. जाता जाता, हे नाव आलं बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमवरून, आणि त्यातला बराच भाग हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन रेकॉर्ड केला होता.

सहावी तार
'आयरिस'चं ट्यूनिंग निघालं, आता मला 'स्टार्ट मी अप'वर लिहिल्याशिवाय राहवत नाही. रोलिंग स्टोन्स, १९८१, हॉट १०० मध्ये तीन आठवडे दुसरं. वर ख्रिस्टोफर क्रॉस, मग हॉल अँड ओट्स.

हे गाणं सत्तरच्या दशकात रेगे (जमैकाच्या संथ ठेक्याचं संगीत) म्हणून सुरू झालं. किती वेळा वाजवलं तरी जमेना, म्हणून कपाटात गेलं. १९८१ मध्ये दौऱ्याआधी अल्बम हवा होता, तेव्हा त्यांचा रेकॉर्डिंग इंजिनिअर ख्रिस किमसीने जुन्या टेप चाळल्या. रेगेच्या ढिगाऱ्यात त्याला रॉक ठेक्यावर वाजवलेलं रेकॉर्डिंग सापडलं. नंतर वाजवून जे साधलं नसतं, ते आधीच होऊन पडलं होतं.

कीथ रिचर्ड्सचं ट्यूनिंग ओपन जी. सहावी तार तो काढूनच टाकतो (माझ्या आयडीला धक्का आहे, पण सत्य आहे). उरलेल्या पाच जी-डी-जी-बी-डी. एक बोट आडवं टाकलं की मेजर कॉर्ड मिळते, आणि तसंच धरून दुसरी दोन बोटं टेकवायची-उचलायची. पहिल्या सेकंदाला जो झटका ऐकू येतो तो त्या दोन बोटांचा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हे गाणं वाजवताना हात आखडतो, इथे ते आपोआप पडतं. २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्नवर आले होते, इथे कुणी गेलं असेल तर सविस्तर लिहा, वाट बघतो.

अर्धा पेला
एक गंमतीची नोंद. लाइफहाउसचं 'हँगिंग बाय अ मोमेंट' २००१ मध्ये एकाही आठवड्यात पहिलं झालं नाही, दुसऱ्यापर्यंतच गेलं. पण इतके दिवस टिकलं की वर्षाच्या यादीत पहिलं! १९६५ मध्ये सॅम द शॅमच्या 'वूली बुली'चंही तेच झालं होतं. दुसऱ्या नंबराच्या बाजूने बोलायचं तर हे गणित मला फार आवडतं.

आणि स्वीट राहिले की! इंग्लंडमध्ये त्यांचीही पाच गाणी दुसरी आली: 'को-को', 'हेल रेझर', 'बॉलरूम ब्लिट्झ', 'टीनेज रॅम्पेज', 'फॉक्स ऑन द रन'. क्रीडन्सपेक्षा नशीब एवढंच बरं की 'ब्लॉक बस्टर!' पहिलं झालं. सुरुवातीच्या तबकड्यांवर वाद्यं दुसऱ्यांनी वाजवलेली, गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली. 'फॉक्स ऑन द रन' मात्र त्यांनी स्वतः लिहिलं, म्हणून पाचांत मला ते जास्त जवळचं.

कोवळी बोटं
सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी गिटार नुकतीच शिकायला घेतली आहे, बॅर कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायच्या) अजून जमत नाहीत. यातलं कुठलं गाणं आधी घेऊ?

सहावी तार
ताई, 'बॅड मून रायझिंग'. ट्यूनिंग नेहमीचंच ठेवा आणि डी, ए, जी या तीन उघड्या कॉर्ड घ्या, बॅर लागत नाही. आधी तोंडाने गात गात नुसता खाली-वर ठेका बसवा, वेग मूळच्या निम्मा. ए वरून जीवर जाताना हात अडखळेल, तेवढाच तुकडा वेगळा काढून घोटा. ते जमलं की सगळ्या तारा एक सूर उतरवा आणि ई, बी, ए वाजवा. बीला बॅर लागेल, पण तोवर बोटं तयार झालेली असतील. अडलं तर इथेच विचारा.